रेडिएशनने काळी पडलेली त्वचा आणि घरातले वेगळे ताट

मागच्या वर्षावासात आमच्या भागातल्या विहारात रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आषाढ पौर्णिमेपासून एकही दिवस न चुकवणाऱ्या एक मावशी भाद्रपदात अचानक यायच्या बंद झाल्या. त्यांचे स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन आणि केमो झालेले आहे, आता रेडिएशन चालू आहे, हे महिला मंडळाला माहीत होते. अशक्तपणा आला असेल, असे सगळ्यांनी धरून चालले. आठवडाभराने आम्ही घरी गेलो तेव्हा मावशी बाहेरच्या ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. खिडकीत एक ताट, एक ग्लास आणि एक वाटी पालथी घातलेली होती. ती भांडी त्यांची, घरातल्या इतर भांड्यांत न मिसळणारी.

सून वाईट नव्हती. तिच्या कडेवर आठ महिन्यांचे बाळ होते. हॉस्पिटलच्या रांगेत कुणीतरी तिला सांगितले होते की 'लाईट' घेतलेल्या बाईच्या अंगातून किरणे बाहेर पडतात, लेकरू जवळ देऊ नका. मावशींनी ते मुकाट्याने मान्य केले होते. उजवी छाती आणि काख कोळशासारखी काळी पडलेली, स्तनाखालच्या घडीत कातडी सोललेली, त्यातून पाणी येत होते. "पांढऱ्या ब्लाऊजला डाग लागतात ग पोरी, विहारात कशी येऊ," एवढेच त्या म्हणाल्या. बारा-तेरा दिवसांत त्यांनी अंगावर पाणी घेतले नव्हते, आणि उरलेले रेडिएशन सोडून द्यायचे मनात पक्के करत आणले होते.

वेगळे ताट म्हणजे काय हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. आम्ही डॉक्टर नाही. रुग्णांबरोबर हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहता राहता, डॉक्टर-नर्सना विचारता विचारता आणि वाचून जे पक्के कळले, तेवढेच इथे मांडतो आहोत.

सर्वात आधी सुनेच्या भीतीचे उत्तर. स्तनाच्या कॅन्सरसाठी बहुतेक वेळा बाहेरून, मशीनमधून रेडिएशन दिले जाते. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर नावाचे मशीन बटण दाबल्यावर काही मिनिटे किरणे सोडते आणि बंद झाले की किरणे संपतात. एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या अंगात जसा एक्स-रे शिल्लक राहत नाही, तसेच हे. मशीनच्या खोलीतून बाहेर पडलेली बाई त्याच क्षणी नातवाला मांडीवर घेऊ शकते, स्वयंपाक करू शकते, नवऱ्याशेजारी झोपू शकते. कॅन्सर उष्ट्याने, घामाने, कपड्यांतून पसरत नाही. मग ही अफवा येते कुठून? थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये काहींना किरणोत्सारी आयोडीन पोटातून देतात, काही आजारांत शरीराच्या आत किरणोत्सारी पदार्थ काही काळ ठेवतात. त्या रुग्णांना थोडे दिवस अंतर पाळायला खरोखरच सांगितले जाते. रांगेत कुणीतरी ते ऐकते आणि सगळ्यांनाच लावून टाकते.

कातडी का सोलते

आयएआरसी या जागतिक संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना स्तनाच्या कॅन्सरचे निदान झाले. आपल्या देशातल्या बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच आहे. यातल्या ज्यांचा स्तन वाचवून फक्त गाठ काढली जाते त्यांना बहुधा, आणि पूर्ण स्तन काढलेल्यांपैकी अनेकींना, रेडिएशन सांगितले जाते. ते कशासाठी याचे उत्तर १०,८०१ महिलांच्या एकत्रित आकडेवारीतून २०११ मध्ये पुढे आले. गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये दहा वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण ३५ टक्के होते, रेडिएशन घेतलेल्यांमध्ये ते १९ टक्क्यांच्या आसपास आले. कातडीला घाबरून उपचार अर्धवट सोडणारी बाई नेमका हा फायदा सोडत असते.

आता कातडीबद्दल. आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात. त्या हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिनाभरात झडून जातात. रेडिएशन वेगाने विभागणाऱ्या पेशींवर जास्त मारा करते. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण त्वचेच्या तळच्या पेशीही तशाच. रोज थोड्या थोड्या तळच्या पेशी मरतात, वरच्या मात्र नेहमीसारख्या झडत राहतात. वस्तीच्या टाकीत येणारे पाणी कमी झाले आणि खालचे नळ चालूच राहिले तर जे होईल ते इथे होते. टाकी पहिल्या दिवशी रिकामी होत नाही. म्हणून पहिला आठवडा काहीच जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून त्वचा बदलू लागते, आणि सर्वात जास्त त्रास उपचार संपल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत होतो. ही शेवटची गोष्ट फार कमी जणींना आधी सांगितली जाते. "रेडिएशन संपले आणि मग जखम झाली, म्हणजे काहीतरी चुकले" असे वाटून त्या घाबरतात. बहुतेकींची त्वचा त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत भरून येते.

त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. बहुतेकींना खाज, कोरडेपणा, काळेपणा, थोडी सूज आणि कोंड्यासारखे पापुद्रे एवढ्यावर भागते. काहींची कातडी सोलून ओली होते, आणि ती जागा ठरलेली: स्तनाखालची घडी आणि काख. तिथे घाम साचतो, कातडीवर कातडी घासते आणि किरणेही तिरपी घासून जातात. स्तन मोठा असेल, वजन जास्त असेल, बाई धूम्रपान करत असेल तर धोका वाढतो. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो. मिश्री लावणाऱ्या आपल्या आयांना आणि मावश्यांना निदान या काळापुरती तरी तंबाखू दूर ठेवायला सांगा. पूर्ण स्तन काढलेल्या काहींच्या छातीवर उपचाराच्या वेळी जेलसारखी चादर ठेवतात. तिला बोलस म्हणतात. कातडीपर्यंत पुरेसा डोस पोचावा म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते, त्यामुळे त्यांची त्वचा जास्त होरपळते.

डोक्याचे केस मात्र या रेडिएशनने जात नाहीत. गेले असतील तर ते केमोने. काखेतले जातील.

काळ्या कातडीवर लाली दिसत नाही

त्वचेचा त्रास मोजण्यासाठी डॉक्टर चार-पाच पायऱ्यांची पट्टी वापरतात. पहिल्या पायरीचे लक्षण आहे फिकट लाली, दुसरीचे गडद लाली आणि घड्यांपुरती ओली सोललेली कातडी, तिसरीत ओलेपणा घड्यांबाहेर पसरतो, चौथीत खोल जखम. पट्टी वाचतानाच कळते की ती बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गोरी कातडी होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही. तिथे त्वचेला इजा झाली की रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त रंग सोडतात आणि भाग काळा पडतो, कधी जांभळट किंवा राखाडी दिसतो. लाली शोधणाऱ्या नजरेला तो त्रास कमीच भासतो.

हे केवळ पुस्तकी निरीक्षण नाही. एका हॉस्पिटलमध्ये आम्ही एका ताईंबरोबर होतो. तपासणाऱ्यांनी चार फुटांवरून पाहिले, 'ग्रेड १' लिहिले आणि पुढचा नंबर पुकारला. स्तन उचलून खालची घडी बघितली असती तर ओली कातडी दिसली असती. ताईंनी स्वतःहून सांगितले नाही, कारण समोर पुरुष होता, मागे रांग होती, आणि "काळीच तर आहे मी, अजून काळी झाले" असे त्यांनी स्वतःलाच समजावले होते. गोरेपणाचे वेड आपल्या घरांतही आहे, ते इथे असे आडवे येते.

म्हणून बोलून सांगायचे. लाली नसली तरी हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यावर ती जागा दुसऱ्या बाजूपेक्षा गरम लागते का, कातडी ताणलेली आणि चकचकीत वाटते का, खाज किती, झोप मोडते का, घडीत ओल आहे का. पदर सरकवून दाखवायला लाज वाटत असेल तर नर्सताईंना बोलावण्याचा आग्रह धरायला हरकत नाही. दर आठवड्याला त्याच उजेडात मोबाईलवर एक फोटो काढून ठेवला तर डॉक्टरांना फरक दिसतो. फोटो अर्थातच त्या बाईच्याच फोनमध्ये राहावा.

अंघोळ, मलम, हळद

'अंघोळ करू नका' हा सल्ला अजून अनेक जणींच्या कानावर पडतो. छातीवर काढलेल्या शाईच्या खुणा पुसू नयेत हा त्यामागचा हेतू असतो, आणि त्या खुणा महत्त्वाच्या आहेतच, कारण किरणे त्यांच्या आधारे नेमकी लावली जातात. पण अभ्यास असे सांगतात की कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने हलकेच धुण्याने त्वचेचा त्रास वाढत नाही. उलट घाम आणि मळ साचला की खाज व जंतुसंसर्गाला वाव मिळतो. तेव्हा खुणा कशा सांभाळायच्या एवढे तंत्रज्ञांना विचारावे, आणि धुवावे. घासणी नको, चोळणे नको, टॉवेलने टिपून घ्यावे. घडी कोरडी ठेवावी. घरातल्या जुन्या, शंभरदा धुतलेल्या सुती पातळाचा तुकडा स्तनाखाली ठेवला की कातडीवर कातडी घासत नाही. विदर्भात मे महिन्यात रेडिएशन घेणाऱ्यांना हा तुकडा दिवसातून तीन-चार वेळा बदलावा लागतो. तारेची ब्रा, घट्ट पोलके, सिंथेटिक ब्लाऊज या दिवसांत नको. घरातल्या घरात मुलाचा सैल सुती शर्ट घातला तर काय बिघडते? काखेत ब्लेड फिरवू नये, चिकटपट्टी लावू नये, शेकण्याची पिशवी नको आणि बर्फही नको. उन्हात जाताना त्या बाजूची मान आणि छाती पदराने झाकावी.

डॉक्टरांनी दिलेले साधे, वासविरहित मलम चालते, फक्त सोललेल्या ओल्या जागेवर स्वतःच्या मनाने काही लावू नये. मोमेटासोनसारखे स्टेरॉइड मलम सुरुवातीपासून लावल्यास त्रास कमी होतो, याला चांगला पुरावा आहे. ते आपल्याला देता येईल का, असे डॉक्टरांना जरूर विचारा. पण इथे एक धोका आहे. मेडिकलच्या दुकानात 'गोरे होण्यासाठी' म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या मिश्र क्रीममध्ये हेच मोमेटासोन हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन यांच्यासोबत असते. ही दोन्ही औषधे होरपळलेल्या कातडीची आणखी सालटी काढतात. काळेपणा जावा म्हणून ते क्रीम छातीवर लावलेली एक मुलगी आम्ही पाहिली आहे, तिला आठ दिवस झोप नव्हती.

हळदीचे प्रत्येक जण सांगतो. हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांचा अमेरिकेत ६८६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्वचेचा त्रास कमी झाला नाही. कोरफडीचाही ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही. वाटलेली हळद, कोरफडीचा गर, राख, कडूनिंबाचा लेप सोललेल्या कातडीवर थापणे म्हणजे जंतूंना आमंत्रण. ताप आला, पू किंवा घाण वास आला, रक्त येऊ लागले, दुखणे असह्य झाले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जायचे. रेडिएशनचे दिवस मात्र स्वतःहून बुडवायचे नाहीत. मध्ये खंड पडला की उपचाराचा परिणाम कमी होतो. विश्रांतीची खरोखर गरज असेल तर डॉक्टर ती मोजून देतात.

प्रश्नावलीत नसलेला प्रश्न

कॅन्सर रुग्णांच्या जीवनमानाचा अभ्यास करण्यासाठी जगभर काही प्रश्नावल्या वापरतात. युरोपमध्ये तयार झालेली क्यूएलक्यू-सी३० आणि तिला जोडलेली स्तनाच्या कॅन्सरसाठीची बीआर२३ या त्यातल्या प्रसिद्ध. गेल्या आठवड्यात स्तनाच्या भागात दुखले का, सूज होती का, तिथली कातडी खाजली किंवा कोरडी पडली का, झोप लागली का, स्वतःच्या शरीराकडे बघवत होते का, पैशाची अडचण आली का, असे त्यात विचारतात. प्रश्न चांगले आहेत, आणि हॉस्पिटलमध्ये कुणी विचारले तर खरी उत्तरे द्यावीत. पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला त्यात एक प्रश्न हटकून आठवतो जो नाही: घरात तुमचे ताट वेगळे आहे का?

आमच्या पाहण्यात जीवनमान कातडीपेक्षा कातडीभोवतीच्या गोष्टींनी जास्त ढासळते. रोज एसटीने किंवा लोकलने जाताना गर्दीत कुणाचा कोपर लागेल या भीतीने बाई छातीवर पिशवी धरून उभी असते. घरकाम करणारी ताई दोन आठवडे गैरहजर राहिली की तिची घरे जातात. डोक्यावर घमेले घेणारीचा हात वर जात नाही. थकवा तर असतोच, आणि तो दिसत नसल्यामुळे आळस समजला जातो. नवरा बाजूला झोपू लागतो. तो भीतीने झोपतो की किळसेने, हे ती विचारत नाही आणि तो सांगत नाही.

इथे उपचाराच्या लांबीचा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. पूर्वी पाच आठवडे, २५ वेळा रेडिएशन देण्याची पद्धत होती. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनंतर तीन आठवड्यांत १५ वेळा देण्याची पद्धत रूढ झाली. कॅन्सरवरचा परिणाम तितकाच, आणि त्वचेचा त्रास कमी. २०२० मध्ये एका आठवड्यात पाच वेळा देण्याच्या पद्धतीचेही चांगले निकाल आले. प्रत्येकीला ती लागू होतेच असे नाही, काहींना जास्तीचे डोसही लागतात. पण "डॉक्टर, माझे तीन आठवड्यांत होईल का?" हा प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. रोजंदारीवरच्या बाईसाठी पाच आणि तीन आठवड्यांतला फरक म्हणजे दहा दिवसांची मजुरी आणि दहा दिवसांचे जाणे-येणे.

पैशाबाबत थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनचा समावेश आहे, आणि आता सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठावे. सरकारी हॉस्पिटलमधले समाजसेवा अधीक्षक हे पद नेमके अशाच मदतीसाठी असते, हे आपल्या कार्यकर्त्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसी डब्यात तिकीट पूर्ण माफ असते, सोबतच्या एका माणसालाही ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलने ठरावीक नमुन्यात भरून दिलेला दाखला लागतो. मुंबईत टाटा हॉस्पिटलला येणाऱ्या गरीब रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार आहे. ज्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, त्यांच्याच नावाचे हे काम.

युवक मंडळांनी काय करावे, असे आम्हाला विचारले जाते. कॅन्सर जागृतीचे व्याख्यान आणि गुलाबी रिबीन यांना आमचा विरोध नाही, पण त्याने मावशींचा प्रश्न सुटत नाही. ज्याच्याकडे मोटरसायकल किंवा रिक्षा आहे त्याने आठवड्यातला एक वार धरावा, म्हणजे गर्दीतला धक्का वाचतो. मुलींनी सोबत तपासणीच्या खोलीत जावे, कारण तिथे बोलणारे कुणीतरी लागते. आणि घरी जाऊन जेवावे. तिच्या हातचे, तिच्याच ताटात.

मावशींच्या घरी आम्ही तेच केले. सुनेला भाषण दिले नाही. महिला मंडळाच्या तिघीजणी गेल्या, मावशींच्या ग्लासने पाणी प्यायल्या, बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी सुनेला बरोबर घेऊन हॉस्पिटलला गेलो आणि तिच्या शंका थेट तंत्रज्ञांनाच विचारायला लावल्या. तिने सहा प्रश्न विचारले, शेवटचा दुधाच्या बाटलीबद्दल होता. त्याच आठवड्यात विहारात वाचन आले होते ते आजारी भिक्खूच्या प्रसंगाचे: अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला, कुणी जवळ न जाणारा, आणि भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने धुतलेला भिक्खू. मावशी त्या दिवशी नव्हत्या, ओली जागा अजून भरायची होती.

रेडिएशन त्यांनी पूर्ण केले. संपल्यानंतरचे दहा दिवस सर्वात वाईट गेले, पण ते तसे जाणार हे आधी माहीत असल्यामुळे घरात आरडाओरडा झाला नाही. आश्विन पौर्णिमेला त्या विहारात आल्या, पांढरी साडी आणि वर सुनेने शिवलेला सैल ब्लाऊज घालून. छातीवर जुन्या काळ्या कातडीच्या मधून गुलाबी-तपकिरी नवी कातडी आली आहे, असे त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन दाखवले. सगळा रंग सारखा व्हायला अजून कित्येक महिने लागतील, कदाचित पूर्ण होणारही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. खिडकीतले ताट आता मांडणीवर इतर ताटांबरोबर असते. कोणते त्यांचे, हे सुनेलाही सांगता आले नाही.